जुन्या गाडीचें पुस्तक

डहाणूच्या मसोली भागांत आमच्या घराच्या ओट्याशीं एक जुनी येझ्दी मोटारसायकल उभी असते. चिकूच्या बागांच्या या मुलुखांत तें नांव परकें वाटत नाहीं. येथील पुष्कळ इराणी बागायतदारांचे पूर्वज इराणांतील याझ्द शहराच्या बाजूचे. म्हैसुरास १९६१ सालीं चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार करूं लागलेल्या आयडियल जावा कारखान्याचे संस्थापकहि इराणीच होते. सत्तरच्या दशकांत त्यांनीं आपल्या गाडीस याझ्दवरून येझ्दी हें नांव दिलें. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. गाड्या मात्र राहिल्या. त्या दुरुस्त कशा कराव्या हें सांगणारें पुस्तक आतां कोठें मिळावें, हा प्रश्नहि राहिला.

पुस्तकाची गरज मला नुकसान सोसून कळली. आमच्या मिस्त्रींना सारें तोंडपाठ असे. ते वारले आणि काम मीं आपल्या हातीं घेतलें. टू-स्ट्रोक एंजिनांत पिस्टनला व क्रँकला वंगण मिळतें तें पेट्रोलांत मिसळलेल्या तेलांतूनच. एकास पंचवीस हें प्रमाण धरलें तर ५ लिटर पेट्रोलास २०० मिलिलिटर तेल लागतें. एकास चाळीस धरलें तर १२५. दुसऱ्या एका नव्या गाडीचें प्रमाण मीं हिला लावलें, आणि ती काटकसर भोंवली. भर उन्हांत पिस्टन तापून सिलिंडरांत अडकला. उलट तेल फार झालें तर प्लग काळा पडतो व सायलेन्सर काजळीनें भरतो. तेव्हां अंदाज उपयोगाचा नाहीं, आंकडाच हवा.

शोधूं लागल्यावर कळलें कीं, या पुस्तकांचे प्रकार तीन. मालकास गाडीबरोबर मिळणारी लहान पुस्तिका, सुट्या भागांची सचित्र यादी आणि कारागिरांसाठीं लिहिलेलें दुरुस्तीचें पुस्तक. पहिलें दाखवून तिसऱ्याची किंमत सांगणारे विक्रेते भेटतात. म्हणून पैसे देण्यापूर्वीं अनुक्रमणिका वाचावी. त्याहिआधीं एंजिनावरील क्रमांक व गाडीचें मॉडेल टिपून घ्यावें. जावाच्या घराण्यांतील गाडीस किक व गिअर यांची दांडी एकच असते. दुसऱ्या जातीच्या गाडीचें पुस्तक समोर ठेवून ती उघडणारा फसलाच म्हणून समजावें.

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं या गाड्यांचे मालक अनेक शहरांतून एकत्र जमतात. मुंबईच्या अशा एका मेळाव्यांत एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्याजवळील पुस्तकाची प्रत मला करूं दिली. पानांवर तेलाचे ठसे होते. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर असावी असें छापलें होतें, आणि त्याखालीं कोणा मिस्त्रीनें पेन्सिलीनें लिहिलें होतें: ‘पावसाळ्यांत आधीं पॉइंट पुसून पाहा, मग फट मोज.’ छापील आंकड्याइतकीच ती ओळ मला मोलाची वाटली. आमच्या मिस्त्रींना मीं असें कांहीं लिहावयास सांगितलें नव्हतें, याची खंत तेथें प्रथम जाणवली.

आपल्या आळींत जुन्या गाड्या जाणणारे कोणी मिस्त्री असतील, तर वही घेऊन एक संध्याकाळ त्यांच्यापाशीं बसावें, एवढी विनंती करून आपला निरोप घेतों.