मुकल्ला आणि बीड

परदेशात फौजा पाठवून दहशतवाद संपतो का? सौदी अरेबियाने याचं उत्तर फार जवळून पाहिलं आहे.

मार्च 2015 च्या अखेरीस सौदी विमानांनी येमेनमधल्या हूथी बंडखोरांवर बॉम्बफेक सुरू केली. पुढच्या काही दिवसांतच अल कायदाने येमेनचं मुकल्ला बंदर ताब्यात घेतलं. तुरुंग फोडून शेकडो कैदी सोडवले, बँक लुटली आणि जवळजवळ वर्षभर त्या शहरावर राज्य केलं. एका शत्रूवर सगळं लक्ष, तेवढ्यात दुसरा शिरजोर! एप्रिल 2016 मध्ये सौदी आघाडीच्या मदतीने शहर परत मिळालं, हे खरंच. म्हणजे फौज निरुपयोगी असते, असं मी म्हणणार नाही. पण राजधानी सना अजूनही हूथींच्याच हातात आहे, आणि सामान्य येमेनी माणूस मात्र देशोधडीला लागला.

याच सौदीने दुसरी वाटही दाखवली, आणि ती थेट आपल्या बीडपर्यंत येते. 2006 च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणातला आरोपी, बीड जिल्ह्यातला झबीउद्दीन अन्सारी, पाकिस्तानात पळाला होता. पुढे पाकिस्तानी पासपोर्टवर तो सौदीत सापडला. भारताने डीएनएचा पुरावा देऊन त्याची ओळख पटवली. चिकाटीचा तपास, दोन सरकारांमधला विश्वास. गोळी एकही नाही. जून 2012 मध्ये सौदीने त्याला दिल्लीला धाडलं. 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला शस्त्रसाठा प्रकरणात जन्मठेप सुनावली.