पाण्याखालचं खळं



गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे कार्यकर्ते मावळात जाऊन आलो. लोणावळ्याला उतरलो ते चिक्कीसाठी नव्हे. (थोडी घेतलीच, ते सोडा.) तिथून पुढं तुंग-तिकोन्याच्या पायथ्याला पवना धरण आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं. एरवी ते पाण्यात. भोवती भेगाळलेला गाळ, गाळात दगड. सहलीची मंडळी फोटो काढत होती. एक म्हातारे शेतकरी गुरं घेऊन आले होते. काठीनं दाखवून म्हणाले, "हितं आमचं खळं होतं."

साठच्या दशकात जमिनी गेल्या, 1972 च्या सुमारास धरण झालं. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली. म्हणजे आधी गाव बुडालं, मग कायदा आला. पन्नास वर्षांनंतरही कित्येक खातेदार बदली जमिनीसाठी खेटे घालत होते. पाणी गेलं पिंपरी-चिंचवडला. त्या पाण्याच्या बंद नळाविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर आले, तर पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्यात एक माउली होती. शेजारच्या मुळशीत 1921 सालीच सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. सरकार तेव्हा गोऱ्यांचं होतं, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, आमची कोरडवाहू कपाशी-ज्वारी, आमच्या रानात कोण धरण बांधतो? धरण नसेल, पण पाझर तलाव येतो, एमआयडीसी येते, महामार्ग येतो. आणि मग साहेब विचारतात, जमिनीची किंमत काय?

ही किंमत ठरते कशी ते नीट ऐका. 1894 च्या कायद्यात नोटीस निघाल्या दिवसाचा बाजारभाव धरत. तो काढायचा शेजारच्या खरेदीखतांवरून, नाहीतर जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाला काही वर्षांनी गुणून. आता उत्पन्न कुठून दिसणार? कापसाला भाव मिळू दिला नाही, ज्वारी तर लेव्हीत नेली. खर्च वजा जाता हाती शून्य. शून्याला दहानं गुणा की वीसानं! पिकाचा भाव पाडणाऱ्यानं जमिनीचा भावही तिथंच पाडून ठेवला. धरणग्रस्त आणि कापूसवाले निराळे नाहीत, ते असे.

थोडा दोष आपलाही आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला आपण खरेदीखतात निम्मी किंमत लिहितो. 2013 च्या कायद्यात मोबदला वाढला खरा, पण हिशेब अजून मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून आणि सरकारी दरपत्रकावरूनच होतो. आज वाचवलेले हजार उद्या लाखांनी जातील.

तेव्हा गावी गेल्यावर तलाठ्याकडून गेल्या तीन वर्षांचे खरेदीचे फेरफार काढा. कोणत्या गटाची काय किंमत लिहिली, याची यादी करा. पीकपेऱ्यात कपाशीच्या जागी 'पड' लागलं असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. पुढच्या बैठकीला येताना यादी आणा. आम्ही एकेक गाव घेऊन बसणार आहोत.