फोमचं हरीण



द्रोणाचार्यांनी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला पक्षी खरा नव्हता. तो कारागिरांकडून करवून घेतलेला होता. त्या गोष्टीतला डोळा आपण प्रशिक्षक मुलांना वर्षानुवर्षं सांगतो, पक्षी खोटा होता हे सांगायचं मात्र राहून जातं. आज मला त्या खोट्या पक्ष्याबद्दलच बोलायचं आहे, कारण अमेरिकेतले धनुष्यानं शिकार करणारे हजारो लोक त्याच्यासाठी उन्हाळ्यात डोंगर चढू लागले आहेत.

तिकडे धनुष्याच्या शिकारीचा हंगाम मुख्यतः शरदात येतो. विस्कॉन्सिन राज्यानं १९३४ साली धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला, तेव्हापासून एक अडचण कायम आहे: हंगाम वर्षातला काही काळच आणि हात वर्षभर तयार हवा. त्यातून फोमची जनावरं आली. हरीण, अस्वल, रानडुक्कर, टर्की, सगळी खऱ्या आकाराची. ती झाडीत, ओढ्यापलीकडे, कड्याच्या टोकाशी उभी करतात. लोक चार-पाच जणांच्या टोळक्यानं एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे चालत जातात. टोटल आर्चरी चॅलेंज हा मेळा तर बर्फ वितळला की स्कीच्या डोंगरांवर भरतो, पेनसिल्व्हेनियातल्या सेव्हन स्प्रिंग्जला, मोंटानातल्या बिग स्कायला. बरेच जण तिथे गुणही लिहून ठेवत नाहीत. नवरा-बायको, आजोबा-नातवंडं एकत्र येतात, आणि कधीही शिकारीला न गेलेले लोकही येतात.

युटा राज्यातल्या स्नोबर्डच्या डोंगरावर मी एकदा या वाटेनं चालले आहे. उतारावर खाली अस्वल होतं. मी अंतर नीट मोजलं, त्याप्रमाणे साइट लावली, शांतपणे बाण सोडला. तो अस्वलाच्या पाठीवरून गेला आणि मागच्या खडकावर फुटला. तीस वर्षं मी सपाट मैदानावर धनुर्विद्या शिकवते आहे. त्या आवाजानं मला माझ्या शिकवण्यातली पोकळी दाखवली.

गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशेबानं. तीस अंशांच्या उतारावर चाळीस मीटरवरचं लक्ष्य म्हणजे जवळजवळ पस्तीस मीटरचा नेम. शिवाय खाली नेम धरताना हात खाली न्यायचे नसतात, कमरेतून वाकायचं असतं. खांदे आणि बाण यांची रेघ मोडली की सगळं गेलं. फोमच्या अंगावरच्या गुणांच्या रेघा लांबून दिसतही नाहीत. आपल्या लक्ष्यावर मधोमध पिवळं वर्तुळ असतं, डोळा आपोआप तिथे जातो. तपकिरी पाठीवर मात्र जागा आपणच निवडायची. माझ्या मते या खेळाची खरी ओढ इथे आहे. सावली कुठे पडली आहे, पाय कुठे टेकतो, वारा दरीतून कसा वर येतो, हे सगळं जुळल्यावर मग बाण. आणि चूक झाली तर तिची किंमत बाण मोजतो, जीव नाही.

मी शिकार करत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद केली, आणि ते योग्यच झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेनं धनुष्यबाणावर अबकारी कर बसवून तो वन्यजीवांच्या जतनासाठी देण्याचा कायदा केला. म्हणून नुसत्या फोमवर नेम धरणाराही धनुष्य घेताना रानासाठी काही देतो.

पण एक काळजी मला बोलून दाखवायची आहे. या मेळ्यांत शंभर यार्डांचे नेम आता नेहमीचे झाले आहेत. वेगवान कम्पाउंड धनुष्याचा बाणही तिथे पोचायला सेकंदाहून जास्त वेळ घेतो. फोमचं हरीण तेवढ्यात पाऊल उचलत नाही. खरं हरीण प्रत्यंचेचा आवाज ऐकून दबतं, वळतं, आणि बाण पोटात बसला तर तासन् तास तडफडतं. फोमवर शंभर यार्ड साधले म्हणून जिवंत जनावरावर ते करून पाहणं ही क्रूरता आहे. तिथले जाणते शिकारी हे नवख्यांना बजावतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही. दोघांच्या हातात कम्पाउंड धनुष्य होतं. ते मिसूरीतल्या हॉलिस विल्बर अॅलन या शिकाऱ्यानं घडवलं, पेटंट १९६९ चं. शिकाऱ्यांच्या घरातून आलेलं हत्यार आपण पन्नास मीटरच्या सपाट पट्टीवर आणलं आणि त्यावर सोनं मिळवलं. त्याचं जे रान होतं, ते मात्र आपण घेतलं नाही.

ते घ्यायला प्राणी मारावा लागत नाही. महागडी फोमची जनावरंही सुरुवातीला लागणार नाहीत. सह्याद्रीच्या उतारावरचं एखादं खासगी माळरान, मालकाची लेखी परवानगी, मागे मातीचा उंच बांध, गुरं आणि माणसं येणार नाहीत असा पहारा, आणि गच्च भरलेल्या बारा गोणपाटाच्या पिशव्या. अंतर कुणाला सांगायचं नाही. दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांचं असं शिबिर मी घेणार आहे. प्रत्येक जिल्ह्यातून एक प्रशिक्षक आणि दोन मुलं यावीत, त्यातली एक मुलगी असावी. नावं आजच जेवणाच्या सुटीत माझ्याकडे द्या, आणि मुलांना जादा बाण घेऊन यायला सांगा. पहिल्या दिवशी बरेच फुटतील.