आमची फियाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "दर वर्षी लोणची-पापड झाले, या वर्षी तुम्ही तुमच्या गाडीबद्दल सांगा." आमच्या गाडीची गावात थट्टा पुष्कळ झाली आहे. तेव्हा तिची हकिगत एकदा माझ्याच तोंडून ऐका.

आपल्याकडे एमआयडीसी आली तेव्हा पुष्कळांच्या जमिनी गेल्या, तशी आमचीही गेली. आलेल्या पैशांतून घर झाले, दोन नणंदांची लग्ने झाली, आणि उरलेल्यातून मामंजींनी १९९६ साली पुण्याहून ही जुनी फियाट आणली. १९७० सालची, 'डिलाइट' म्हणतात ती. जन्मभर बैल हाकलेल्या माणसाने पंचावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकावे याचे लोकांना हसू आले. पण पुढे १९९९ साली गावात बजाजचा कारखाना उभा राहिला, तोपर्यंत आपल्या वाडीतल्या तीन बाळंतिणी याच गाडीतून चाकणच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. त्यांतल्या एक आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या हसत आहेत, म्हणून नाव घेत नाही.

ही गाडी इटलीच्या नमुन्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ती. पुढे १९७४ पासून हिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवतात ना, त्या याच. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांतली शेवटची टॅक्सीही बंद झाली.

मामंजी २००८ साली गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली, टाकीत गंज धरला. भंगारवाला अठरा हजार देतो म्हणाला. खरे सांगते, मी देऊन टाका म्हटले होते. मुलीच्या शिक्षणाची मला काळजी होती. पण आत्याबाई म्हणाल्या, "जमिनीच्या पैशातलं दारात दिसेल असं एवढंच उरलंय. ते नका घालू काट्यावर." मग काय बोलणार?

२०२० साली टाळेबंदीत कंपनी बंद पडली. हे घरी बसले आणि गाडीच्या मागे लागले. कारखान्यात हे फिटर आहेत. नव्या गाड्यांना हात लावायची सवय, जुनीची नव्हे. पहिल्या दिवशी सगळे खोलून घमेल्यांत मांडले. माझी भाकरीची परातसुद्धा गेली. ती परत आली तेव्हा तिला रॉकेलचा वास होता, तो अजून आहे.

मी तेव्हाच एक वही घातली. गाडीचा जमाखर्च वेगळा, घराचा वेगळा. मुलीच्या फीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे ठरवून घेतले. टाळेबंदी उठल्यावर सुटे भाग शोधायला हे पुण्यातल्या नाना पेठेत, जुन्या बाजारात आणि कुर्ल्याला हिंडत. दोनदा मीही गेले. जुन्या बाजारात भाव करणे हे बायकांचेच काम आहे. ह्यांना एखादी वस्तू मिळाली की चेहऱ्यावर आनंद दिसतो आणि दुकानदार तिथेच दर वाढवतो.

आता चूक सांगते. ती आमची दोघांची आहे. पत्रा ठोकून झाला, गंज घासून झाला, आणि आम्हाला घाई झाली ती रंगाची. लोकांना दाखवायचे होते ना! सगळ्यांत मोठी रक्कम, पासष्ट हजार, तिथे गेली. मोतिया रंग सुरेख आला. ब्रेकचे मात्र, "रबर बदलले आहेत, चालेल," एवढ्यावर सोडले. ते रबर स्वस्तातले होते.

दिवाळीच्या आधी हे गाडी शेडमधून काढून उतारावर घेऊन आले. शेजारी आमची मुलगी. मी उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी. उतारावर गाडीने वेग घेतला आणि ह्यांनी ब्रेक दाबला, तो पायाखाली थेट खाली गेला. या गाडीच्या ब्रेकला चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर असतो. एका ठिकाणी तेल गळले की चारही चाके मोकळी! समोर मोठा रस्ता, आणि त्यावर चाकण-तळेगावची कंटेनरची रांग. ह्यांनी चाक वळवून गाडी दिराच्या कडब्याच्या गंजीत घातली. मुलीच्या कपाळाला खोक पडली, चार टाके. माझ्या हातातला तांब्या कधी पडला ते मला कळले नाही.

मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मुलगीच वही घेऊन आली. पट्टी बांधलेलीच होती. म्हणाली, "आई, यात ब्रेकच्या पानावर चारशे ऐंशी रुपये आहेत आणि रंगाच्या पानावर पासष्ट हजार." मला उत्तर सुचले नाही. वही मी लिहीत होते, पण वाचत नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी ब्रेक, मग स्टेअरिंग, चाके, वायरिंग, मग इंजिन, आणि रंग शेवटी. ब्रेकचे सगळे पाइप नवे घातले. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलतो, तारीख वहीत.

सीटचे काम माझे. शिवणाच्या मशीनवर रेक्झिन शिवायला घेतले तर पहिल्या दिवशी चार सुया मोडल्या. मग अठरा नंबरची सुई लावली आणि टाका लांब ठेवला. रेक्झिनला बारीक टाका घातला की भोकांच्या रेषेत ते कागदासारखे फाटते. ब्लाऊजची सवय इथे उपयोगाची नाही. पॉइंटची फट आता मुलगी बघते. पत्त्यासारख्या पातळ पट्ट्या असतात, त्या घालून माप घ्यायचे. चूक झाली की इंजिन खोकल्यासारखे करते.

अलीकडे नवे दुखणे आले आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने मऊ पडून गळू लागतात, आणि ते पाणीही धरून ठेवते, म्हणजे टाकीत पुन्हा गंज. आम्ही पाइप नव्या जातीचे घातले, आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल राहू देत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी फिरवलीच पाहिजे. शनिवारी सकाळी मी पाणी, इंजिनचे तेल, ब्रेकच्या बाटलीची पातळी आणि बॅटरी बघते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड धरली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने ती निघते. हे तरी माझ्या स्वयंपाकघरातले निघाले!

काहीजणी विचारतात, ही व्हिंटेज गाडी का? इंग्लंडात तो शब्द १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना लावतात, त्या मानाने आमची कालची पोर. आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला, त्यात पन्नास वर्षांवरची गाडी त्या नावाने नोंदवता येते आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरती. हे म्हणाले, मान आहे. मी म्हटले, मामंजींची गाडी बाळंतिणींना घेऊन जायची, ती प्रदर्शनात उभी करायची का? म्हणून साधीच नोंदणी दंड भरून पुन्हा करून घेतली.

वहीप्रमाणे आजवर एक लाख ब्याण्णव हजार झाले, पाच वर्षांत. कमी नाहीत. या पैशात काय काय आले असते ते मला तोंडपाठ आहे, आणि ते मी ह्यांना वर्षातून एकदा ऐकवते. मुलीची फी मात्र प्रत्येक वर्षी वेळेवर गेली.

यंदा कार्तिकात आत्याबाईंना देहूला घेऊन गेलो. ऐंशी वर्षांच्या आहेत. पुढच्या सीटवर ह्यांच्या शेजारी बसल्या आणि वाटेत एकच वाक्य बोलल्या, "हे गिअर जोरात टाकायचे, तू बरा टाकतोस."

गाडी आज बाहेर चिंचेखाली उभी केली आहे. चहा झाल्यावर ज्यांना बसून बघायचे असेल त्यांनी जरूर बसावे. मात्र डावीकडचे मागचे दार जोरात ओढू नका. त्याची बिजागरी अजून मिळालेली नाही.