माणसे टिकली तर सेवा टिकेल
(संस्थेच्या वार्षिक सभेत प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वार्षिक सभेत नव्या यंत्रसामग्रीविषयी आणि नव्या कक्षांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आपण मला विषय दिला तो मात्र माणसांचा. कामावर आलेला कर्मचारी येथे रमावा कसा आणि टिकावा कसा, हा तो प्रश्न. माझी उमेदीची वर्षे कारखान्यांच्या कर्मचारी विभागात गेली. त्या अनुभवाच्या आधारे चार विचार आपल्यासमोर ठेवतो.

राजारामपुरीच्या गल्ल्यांत दवाखान्यांची वाण नाही. येथील परिचारिकेला दुसरी नोकरी शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. दूर जायचेच ठरवले, तर पुणे, मुंबई आणि आखाती देश तिच्यासाठी खुले आहेत. ती गेली की जागा रिकामी होते, ती पुढे भरलीही जाते. परंतु कोणत्या रुग्णाचा श्वास कधी बदलला हे नजरेने ओळखण्याचा तिचा सराव तिच्याबरोबर जातो. मधल्या काळात उरलेल्या सिस्टरांवर अधिक खाटांचा भार पडतो, आणि त्या थकव्यातून पुढचा राजीनामा तयार होतो.

हा केवळ व्यवस्थापनाचा प्रश्न नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. रुग्णाच्या नातेवाइकांनी म्हणूनच हा विषय आपलाच मानावा.

माणसे का जातात आणि का राहतात, याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत होते. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्याच लक्ष्मणरावांनी बेळगावहून बाहेर पडून १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा त्यांचे कामगार त्यांच्याबरोबर आले. त्या माळावर शहर नव्हते, सोयी नव्हत्या. घरे आणि शाळा हळूहळू उभ्या राहिल्या. १९२० साली तेथून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्राचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. डावलला गेलेला माणूस संस्था सोडतो आणि ज्याला आपले मानले तो उजाड माळावरही येतो, हे दोन्ही धडे एकाच चरित्रात आहेत.

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असताना तेथील परिचर्या अकादमीने १६३ रुग्णालयांची पाहणी केली आणि परिचारिका ज्यांना सोडून जात नाहीत अशी ४१ निवडली. तो अहवाल १९८३ साली आला. त्या रुग्णालयांत कामाच्या निर्णयांत परिचारिकांना मत होते, प्रमुख परिचारिका त्यांना सहज भेटत असे, मनुष्यबळ पुरेसे होते आणि पाळ्या ठरवताना त्यांच्या अडचणी विचारात घेतल्या जात.

वेतनाला बगल देऊन मात्र हा विषय पूर्ण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मासिक वेतन असावे, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर ते राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, असे त्यात म्हटले होते. धर्मादाय रुग्णालयांना हे अवघड वाटते, त्याचे कारणही खरे आहे. उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. ते व्रत सोडण्याचा प्रश्नच नाही. तथापि, गरिबाला दिलेल्या सवलतीचा भार रात्रपाळीच्या परिचारिकेने कमी पगारातून उचलावा, हे दान नव्हे. ज्याने दान करायचे ठरवले, त्यानेच ते आपल्या पदरचे द्यावे.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना देणगीदारांसाठी. खोलीवर नाव कोरले जाते, यंत्रावरही कोरले जाते. कर्मचाऱ्यांच्या पाळणाघराला आणि रात्रपाळीच्या विश्रांतिकक्षाला मात्र क्वचितच दाता मिळतो. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असावे, असे कायद्याने २०१७ सालापासून सांगितले आहे. करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांतून येणाऱ्या मुलीची पाळी संपते तेव्हा शेवटची एस. टी. निघून गेलेली असते. तिच्या मुक्कामाची किंवा सुरक्षित प्रवासाची सोय करणारी देणगी ही रुग्णसेवेचीच देणगी होय.

दुसरी सूचना व्यवस्थापनासाठी. महिन्यातून एकदा विश्वस्तांपैकी एकाने कर्मचाऱ्यांबरोबर बसावे. त्या बैठकीत मेट्रनबाईंबरोबर प्रत्येक वॉर्डातील मावशी आणि मामाही असावेत. आलेल्या सूचनेला पुढील बैठकीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. उत्तर नकाराचे असले तरी कारणासह मिळावे. दोनदा बोलून काही झाले नाही, तर माणूस तिसऱ्यांदा बोलत नाही. तो अर्ज लिहितो. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लागावा. त्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

तिसरी सूचना या अहवालाविषयीच आहे. आपण किती रुग्ण तपासले आणि किती शस्त्रक्रिया केल्या, हे येथे छापतो. यापुढे किती कर्मचारी रुजू झाले, किती सोडून गेले, त्यांपैकी पहिल्याच वर्षात किती गेले आणि जाताना त्यांनी कोणती कारणे सांगितली, हेही एका तक्त्यात छापावे. ही कारणे त्यांच्या वरिष्ठाने विचारू नयेत, त्रयस्थाने विचारावीत, म्हणजे ती खरी कळतील. जो आकडा देणगीदारांसमोर येतो, त्याची काळजी आपोआप घेतली जाते.

मध्यरात्री आपल्या आप्ताच्या उशाशी जी व्यक्ती उभी असते, ती या संस्थेत किती वर्षे आहे, हा प्रश्न आपण प्रत्येकाने विचारावा. त्याचे उत्तर दरवर्षी वाढत जावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.