विश्वासाची पेटी
(मुर्री, जि. गोंदिया येथील भाषण)



मुर्रीसारख्या धान पिकविणाऱ्या गावात संगणकातील पेटीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि ही पेटी आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचली. असा उतारा संगणकावर उघडला की सहीपाशी पुष्कळदा प्रश्नचिन्ह दिसते. त्यावरून उतारा खोटा ठरत नाही. सहीमागे उभ्या असलेल्या संस्थेला हा संगणक बहुधा ओळखत नसतो, इतकेच.

ही ओळख पटते कशी? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये केंद्र शासनाचे नियंत्रक प्रमाणन संस्थांना परवाना देतात आणि त्या संस्था सही करणाऱ्यास प्रमाणपत्र देतात. या साखळीचे मूळ प्रमाणपत्र संगणकाच्या विश्वासपेटीत असावे लागते. जावा भाषेतील प्रोग्रामर अशा पेटीस कीस्टोअर म्हणतात.

जेथे संगणक अनेक, तेथे हे काम प्रोग्रामकडून करविणे सोयीचे. प्रोग्रामने परवलीच्या शब्दाने पेटी उघडावी. प्रमाणपत्राची मुदत पाहावी. त्याचा ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा, दुसऱ्या खात्रीच्या मार्गाने मिळविलेल्या ठशाशी ताडावा. जुळला तरच नाव देऊन ते आत ठेवावे. त्याच नावाचे जुने प्रमाणपत्र आत असेल तर ते मुकाट्याने पुसले जाते, म्हणून आधी पाहून घ्यावे. शेवटी पेटी फाईलमध्ये जतन करावी; ते राहिले तर प्रोग्राम थांबताच सारे श्रम वाया जातात.

घाईच्या वेळी ‘येईल त्यावर विश्वास ठेव’ अशी आज्ञा देण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. कारण पारखून ठेवलेल्या विश्वासालाही कधी धक्का बसतो. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन संस्थेकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारताचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या पेटीत असल्याने विंडोजवरील बहुतेक प्रोग्रामांना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची पेटी निराळी होती, म्हणून त्यास धोका नव्हता. संबंधित दुय्यम प्रमाणपत्रे नियंत्रकांनी तातडीने रद्द केली.

तात्पर्य, पेटीत काय ठेवावे याइतकेच त्यातून काय काढावे हेही महत्त्वाचे. बियाण्याचे धान आपण पारखून ठेवतो आणि कीड लागलेले वेळीच बाजूला काढतो. जमिनीच्या कागदाची राखण करणाऱ्या या पेटीलाही तोच नियम लावू या.