काठ सर्वांचा, क्लब काहींचा

(नागरी जीवनावरील एका व्याख्यानाचा संपादित भाग)



शहरातील तलावाचा काठ कोणाचा, हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु ज्या नगरात पाण्यापर्यंत पोचण्यासाठी सदस्यत्वाचे ओळखपत्र दाखवावे लागते, त्या नगराचे समाजजीवन निरोगी म्हणता येणार नाही.

कोलकात्याचे उदाहरण पाहू. तेथील रवींद्र सरोवर निसर्गाने दिलेले नाही. १९२० च्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जमीन संपादून ते खोदविले. सुमारे ७३ एकरांचा हा जलाशय सार्वजनिक हेतूने निर्माण झाला. त्याच्या काठी वल्ह्यांच्या नौकांचे क्लब आले. १८५८ साली स्थापन झालेला कलकत्ता रोइंग क्लब हुगळीवरून येथे आला. १९३२ मध्ये लेक क्लब निघाला. अशा संस्थांनी खेळाडू घडविले, हे मान्यच केले पाहिजे. आठ जणांची वल्ही एका लयीत पाण्यात पडतात तेव्हाच नौका पुढे जाते. संघभावनेचा याहून चांगला पाठ कोणता? परंतु खेळाला नौकाघर आणि धक्का पुरतो. हिरवळ, उपाहारगृह आणि समारंभाची सभागृहे यांना पाण्याचाच काठ कशासाठी हवा?

याच सरोवरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली पूजा व सामाजिक कार्यक्रमांस मनाई केली. २०१९ मध्ये छठच्या वेळी फाटकांची कुलुपे तोडून लोक आत शिरले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाईला स्थगिती देण्यास नकार दिला. छठ ही कोट्यवधींची श्रद्धा आहे. परंतु जलाशय निर्मळ राखणे हाही धर्मच आहे आणि कुलुपे तोडणे ही भक्ती नव्हे. मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या भाविकाला जी शिस्त, तीच बारा महिने काठ वापरणाऱ्या क्लबलाही हवी.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष प्रवेश यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय यायला १९३७ उजाडले. त्या घोर अन्यायाची बरोबरी क्लबच्या वर्गणीशी करणे अनुचितच. पण धडा घ्यावाच लागेल : ठरावाने तळे खुले होत नाही, समाज तेथे निर्वेधपणे जाऊ लागतो तेव्हा होते.

कायदाही हेच सांगतो. बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, शासन अशा नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव काहींच्या सुखासाठी वाटून टाकायची नसते.

म्हणून मागणी क्लब बंद करण्याची नाही. भाडेपट्ट्याच्या अटी जाहीर असाव्यात. क्लबच्या इमारती आणि पाणी यांमध्ये सलग पायवाट सर्वांना खुली असावी. पालिका शाळांच्या मुलांना ठरावीक वेळी प्रशिक्षक व सुरक्षा-जाकिटांसह वल्हे हाती मिळावे. मे २०२२ मध्ये याच सरोवरात सरावाच्या वेळी वादळात दोन विद्यार्थी बुडाले; म्हणून सुरक्षेची जबाबदारीही पट्ट्यातच लिहिलेली हवी.

आपल्या गावच्या तलावाला एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालून पाहा. वाट जेथे अडेल, तेथील भाडेपट्टा माहितीच्या अधिकारात मागवा. जागरूक समाजच आपला काठ राखू शकतो.